दोन धर्मग्राम आणि एक घंटा

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन सर्वनामे आहेत आणि त्यांतला फरक वर्गात शिकवणे फार सोपे असते. ऐकणाऱ्याला वगळले की 'आम्ही', सामावून घेतले की 'आपण'. फळ्यावर दोन वाक्ये लिहिली, मुलांकडून आणखी दोन काढून घेतली की काम झाले. आम्हा दोघांपैकी एकीने वसईजवळच्या एका महाविद्यालयात काही वर्षे मराठी शिकवले. त्या काळात या मुद्द्याला दहा मिनिटांहून अधिक वेळ दिल्याचे आठवत नाही. हा फरक प्रत्यक्षात काय असतो हे कळायला पुढे तीस वर्षे जावी लागली, आणि अमेरिकेतल्या पिट्सबर्ग परिसरातले एक चर्च बंद व्हावे लागले.

दिवस नेमका आठवतो. २८ एप्रिल २०१८, शनिवार. संध्याकाळच्या मिस्सेला नेहमीपेक्षा गर्दी होती, कारण काहीतरी जाहीर होणार हे सर्वांना ठाऊक होते. पिट्सबर्ग धर्मप्रांताचे तत्कालीन बिशप डेव्हिड झुबिक यांचा निर्णय त्या शनिवार-रविवारी प्रत्येक चर्चमध्ये कळवला गेला: धर्मप्रांतातल्या १८८ धर्मग्रामांचे ५७ गट होणार, ऑक्टोबरपासून प्रत्येक गटाला नव्याने पुरोहित नेमले जाणार, आणि यथावकाश प्रत्येक गटाचा एकच धर्मग्राम होणार. आमच्या गटात आम्ही आणि उताराच्या तळाशी, मोनोंगाहेला नदीच्या काठी असलेला शेजारचा धर्मग्राम. आमच्या फादरांनी कागद घडी करून ठेवला आणि स्वतःच्या शब्दांत म्हणाले, "आता वुई आर वन."

परदेशात आयुष्य काढलेल्या माणसांना ऐकलेल्या वाक्याचे मनातल्या मनात मराठी करण्याची खोड असते. आमचे भाषांतर त्या 'वुई'पाशी अडले. आम्ही एक आहोत, की आपण एक आहोत? इंग्रजीने ही निवड बोलणाऱ्यावर सोपवलेली नाही. त्यामुळे फादरांना ती करावी लागली नाही आणि ऐकणाऱ्यांनाही नाही. आम्हाला मात्र ती टाळता येईना.

इथे 'धर्मग्राम' या शब्दाविषयी दोन शब्द सांगणे आवश्यक आहे, कारण हा शब्द वसईबाहेरच्या मराठी वाचकांच्या कानांवरून फारसा गेलेला नसतो. इंग्रजीत ज्याला पॅरिश म्हणतात, त्याला आमच्याकडे धर्मग्राम म्हणतात. लॅटिन मिस्सा जाऊन मराठी मिस्सा आली तेव्हा आम्ही शाळकरी वयाचे होतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरच्या त्या दिवसांत उपासनेसाठी आणि चर्चच्या कारभारासाठी कितीतरी मराठी शब्द रुळले, आणि धर्मग्राम त्यांतला आम्हाला सर्वांत घरचा वाटलेला. त्यात गाव आहे, शेजार आहे, मळे-वाड्या आहेत, एकमेकांच्या लग्नाला आणि मयताला जाणे आहे. 'पॅरिश'चे मूळ मात्र ग्रीक 'पारोइकिया'त आहे, आणि त्याचा अर्थ जवळजवळ उलटा: परक्या मुलखात तात्पुरता मुक्काम करणे. एकाच संस्थेला एका भाषेने मुक्काम म्हटले आणि दुसरीने गाव. आम्ही गाव सोडून मुक्कामाला आलेलो असल्यामुळे दोन्ही अर्थ आम्हाला लागू पडत होते. गंमत अशी की, आपल्या 'ग्राम' शब्दाचा प्राचीन अर्थही माणसांचा एकत्र फिरणारा जथा असाच सांगितला जातो, आणि असे दोन ग्राम समोरासमोर आले की त्याला 'संग्राम' म्हणत, अशी त्या शब्दाची व्युत्पत्ती दिली जाते. पुढच्या चार वर्षांत ही व्युत्पत्ती आम्हाला वारंवार आठवली.

आता त्या परिसराविषयी. पिट्सबर्गच्या नद्यांकाठी पोलादाचे कारखाने उभे राहिले तेव्हा युरोपातून मजूर आले, आणि प्रत्येक जमातीने आपापले चर्च बांधले. आयरिशांचे वेगळे, जर्मनांचे वेगळे, पोलिश, स्लोव्हाक, क्रोएशियन, लिथुएनियन, इटालियन अशी प्रत्येकाची वेगळी. मिस्सा तेव्हा सगळीकडे लॅटिनच. पण पापकबुली, प्रवचन, भांडण आणि गाणे आपल्या भाषेत हवे. म्हणून एकाच कॅथलिक पंथाची चार-पाच चर्चेस हाकेच्या अंतरावर उभी राहिली. कॅथलिक कायद्यानुसार धर्मग्राम सामान्यतः भूभागाचा असतो, पण भाषा किंवा राष्ट्रीयत्व यांच्या आधारावरही तो स्थापता येतो. या चर्चेसना तोच आधार होता. पुढे मुले इंग्रजी बोलू लागली, उपनगरांत गेली, आणि मग कारखानेच गेले. ज्या होमस्टेडच्या कारखान्यातला १८९२ चा संप इतिहासात गाजला, तो १९८६ साली बंद झाला. त्या जागेवर आज दुकाने आणि चित्रपटगृह आहे. १९९० च्या दशकाच्या आरंभी तेव्हाचे बिशप डोनाल्ड वुअर्ल यांच्या काळात एक मोठे एकत्रीकरण होऊन शंभरावर धर्मग्राम कमी झाले होते. २०१८ चा निर्णय हा त्याच गोष्टीचा दुसरा अध्याय.

कारणे खोटी नव्हती. २००० सालापासून रविवारच्या मिस्सेची उपस्थिती सुमारे ४० टक्क्यांनी घटली होती. सेवेत असलेले पुरोहित दोनशेच्या थोडे वर होते आणि २०२५ पर्यंत ते ११२ वर येतील असा धर्मप्रांताचा अंदाज होता. जवळजवळ निम्म्या धर्मग्रामांचा खर्च उत्पन्नाहून अधिक होता. आणि निर्णय जाहीर झाल्यावर चार महिनेही उलटले नसतील, तोच १४ ऑगस्ट २०१८ रोजी पेनसिल्व्हेनियाच्या ग्रँड ज्युरीचा अहवाल आला. पिट्सबर्गसह सहा धर्मप्रांतांतल्या तीनशेहून अधिक पुरोहितांवरचे बालकांच्या लैंगिक शोषणाचे आरोप आणि हजारावर बळी त्यात नोंदले होते. त्या रविवारी आमच्या चर्चमध्ये कुणी कुणाशी फारसे बोलले नाही. काही माणसे त्यानंतर आलीच नाहीत. एकत्रीकरणाविषयी लिहिताना हे वगळले, तर माणसे केवळ वयामुळे आणि उपनगरांमुळे कमी झाली असा समज होईल, आणि तो खरा नाही.

आमचे चर्च टेकडीवरचे. दुसऱ्या महायुद्धानंतर बांधलेले, बसके, पिवळ्या विटांचे, मागे वाहने लावायला ऐसपैस जागा. खालचे नदीकाठचे चर्च स्लोव्हाक मजुरांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बारा-बारा तासांच्या पाळ्या करून मिळवलेल्या पैशांतून उभारलेले. दोन मनोरे, रंगीत काचा, आणि काचांखाली देणाऱ्यांची नावे. आम्ही १९९० साली या भागात आलो तेव्हा घरापासून जवळ म्हणून वरच्या चर्चमध्ये जाऊ लागलो. पहिल्या रविवारी एका गृहस्थाने आम्हाला विचारले, "तुमचे धर्मांतर कधी झाले?" आमचे पूर्वज सोळाव्या शतकापासून ख्रिस्ती आहेत, म्हणजे त्यांचा देश अस्तित्वात येण्याच्या आधीपासून, हे सांगितल्यावर ते बराच वेळ हसले आणि आम्हाला कॉफीला घेऊन गेले. पुढच्या अठ्ठावीस वर्षांत डावीकडचा चौथा बाक आमचा झाला. आमच्या मुलांचा बाप्तिस्मा तिथे, पहिला ख्रिस्तप्रसाद तिथे. परका मुक्काम हळूहळू ग्राम झाला. म्हणूनच २०१८ नंतर जेव्हा समिती नेमली गेली आणि तिच्यात आमचे नाव आले, तेव्हा आम्हाला ते मानाचे वाटले.

त्या समितीत वरचे सहा आणि खालचे सहा असे बारा जण होतो. मिस्सेच्या वेळा ठरवण्यातच सहा महिने गेले. वाचकांना हे क्षुल्लक वाटेल. पण रविवारी नऊ की अकरा यात माणसाचे सगळे आठवड्याचे वेळापत्रक, म्हातारीला आणायला येणारा पुतण्या, मिस्सेनंतरचा नाश्ता आणि कुणाशेजारी बसायचे हे सगळे असते. आम्ही अकराची मिस्सा राखली. खालच्यांची साडेनऊची गेली. तिथे शनिवारी दुपारची एक उरली. जुलै २०२० मध्ये, साथीच्या ऐन काळात, कागदोपत्री दोन्हींचा एक धर्मग्राम झाला. त्याच महिन्यात व्हॅटिकनकडून धर्मग्रामांविषयीची एक सूचना प्रसिद्ध झाली. केवळ पुरोहितांची टंचाई किंवा धर्मप्रांताची एकूण आर्थिक स्थिती एवढ्या कारणांवरून धर्मग्राम बरखास्त करू नये, असे तिच्यात म्हटले होते. खालच्या सहांपैकी एका निवृत्त शिक्षकाने ती छापून आणली आणि बैठकीत वाचून दाखवली. आम्ही सर्वांनी आदराने ऐकली. मग पुढचा विषय घेतला.

पुढचा विषय छपराचा होता. खालच्या चर्चचे छप्पर आणि मनोरे दुरुस्त करायला जो खर्च सांगितला गेला, तो ऐकून खोलीत शांतता पसरली. २०२२ च्या वसंतात समितीने शिफारस केली: एक इमारत ठेवावी, वरची. आठ विरुद्ध चार. आमचे मत आठांमध्ये होते. हिशेब आम्ही दोघांनी घरी बसून तीनदा तपासला होता आणि तो बरोबर होता. आजही तो बरोबरच वाटतो. बैठकीच्या शेवटी आम्हीच म्हणालो की आता आपण सगळे एका छपराखाली येऊ. इंग्रजीत म्हणालो, त्यामुळे कुणाला खटकले नाही.

चर्च बंद करण्याविषयी कॅथलिक कायद्याची भाषा मोठी विलक्षण आहे. धर्मग्राम स्थापणे, बरखास्त करणे वा बदलणे हा अधिकार बिशपचा. त्यांनी पुरोहितमंडळाचे मत घ्यायचे असते. इमारतीचा निर्णय वेगळा. ती उपासनेतून काढायची, तर तिला 'लौकिक पण हीन नव्हे' अशा उपयोगाला लावावे, असे कायदा म्हणतो. लौकिक कुठे संपते आणि हीन कुठे सुरू होते, हे कायदा सांगत नाही. पिट्सबर्गच्या लॉरेन्सव्हिल भागातले एक चर्च १९९३ साली बंद झाले आणि १९९६ साली तिथे बिअर गाळण्याचा कारखाना आणि उपाहारगृह सुरू झाले. जिथे वेदी होती तिथे तांब्या-पोलादाची पिंपे उभी राहिली. पाहुण्यांना आम्ही ते हौसेने दाखवायला नेत असू. बाकांच्या लाकडाच्या खुर्च्यांवर बसून जेवताना आम्हाला कधी अवघडल्यासारखे झाले नव्हते. ते चर्च आमचे नव्हते.

सगळेच धर्मग्राम असे मुकाट्याने विलीन होत नाहीत, हेही सांगायला हवे. बॉस्टन धर्मप्रांतात २००४ साली साठावर धर्मग्राम बंद करण्याचे जाहीर झाले तेव्हा अनेक ठिकाणी भाविकांनी चर्चमध्ये ठिय्या दिला. सिच्युएट गावच्या फ्रान्सिस झेवियर कॅब्रिनी चर्चमधले लोक २००४ च्या ऑक्टोबरपासून पाळ्या लावून रात्रंदिवस आत राहिले. व्हॅटिकनच्या न्यायालयांत हरले, देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे प्रकरण ऐकायचे नाकारले, आणि २०१६ च्या मे अखेरीस, साडेअकरा वर्षांनी, ते बाहेर पडले. आम्ही ती बातमी वाचली तेव्हा आम्हाला तो हट्ट वाटला होता. एका इमारतीसाठी एवढे? खालच्या चर्चच्या माणसांनी ठिय्या दिला नाही. ती वयस्कर होती, थकलेली होती, आणि बहुधा त्यांनी हिशेब तपासले होते. त्यांनी शेवटच्या मिस्सेची तारीख विचारली.

ती मिस्सा २०२२ च्या ऑक्टोबरात झाली. आम्ही गेलो नाही. त्यांचा दिवस आहे, आपण मध्ये कशाला, असे एकमेकांना म्हणालो. त्यात संकोच होता, थोडे सौजन्यही असेल. पण त्या दिवशी आमच्या तोंडी 'त्यांचा' हा शब्द आला होता, हे आम्हाला फार नंतर लक्षात आले. एकत्रीकरण होऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती. ते चर्च कायद्याने आमचेच होते. आमच्याच धर्मग्रामातले एक चर्च बंद होत होते आणि आम्ही शेजारच्या घरच्या दुःखात जावे की न जावे असा विचार करत घरी बसलो होतो.

२०२३ च्या उन्हाळ्यात खालची घंटा वर आली. मनोऱ्यांतल्या घंटांपैकी एक आमच्या आवारात बसवावी असे ठरले होते. आमच्या चर्चला खरी घंटा नव्हती, ध्वनिक्षेपक होता. क्रेनने ती ट्रकवरून उतरवली तेव्हा आम्ही दोघे बघायला गेलो. कमरेएवढी उंच, काठावर स्लोव्हाक अक्षरे आणि १९०३ हे साल. आम्ही पुढे होऊन तिला हात लावला आणि दोघांनाही एकाच वेळी मेणवली आठवली.

वसईकर ख्रिस्ती माणसाला घंटा ही साधी वस्तू नसते. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. किल्ल्यातली चर्चेस ओस पडली, आणि तिथल्या घंटा मराठी सरदारांनी विजयचिन्ह म्हणून नेऊन देवळांत बांधल्या, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. नाशिकला गोदावरीकाठी नारोशंकराच्या देवळावर एक आहे. वाईजवळ मेणवलीला, नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेच्या घाटावर, दुसरी. तिच्यावर १७०७ हे साल आहे आणि बाळ येशूला घेतलेली मारिया आहे. आमच्यापैकी एकाला सत्तरच्या दशकात वडिलांनी ती दाखवायला नेले होते. वडील शेतकरी, केळीची बाग असलेले, बोलायला कमी. बराच वेळ घंटेसमोर उभे राहिले. कुणीतरी दर्शनाला आलेल्याने ती वाजवली. वडील एवढेच म्हणाले, "आवाज चांगला राखलाय हो त्यांनी."

त्या वाक्यात राग नव्हता, हे तेव्हाही कळले होते. त्यात आणखी काय होते ते आता पिवळ्या विटांच्या चर्चच्या आवारात कळले. आयुष्यभर आम्ही ज्यांच्या घंटा गेल्या त्यांच्या बाजूने ती गोष्ट ऐकली आणि सांगितली होती. इथे घंटा आमच्याकडे आली होती. अर्थात, लढाई झाली नव्हती. मतदान झाले होते, इतिवृत्त लिहिले गेले होते, खालचे लोकही आमच्याच पंथाचे आणि आता आमच्याच धर्मग्रामाचे होते. पण घंटेच्या दुसऱ्या बाजूला जी माणसे उभी होती, त्यांच्या चेहऱ्यांवर आम्हाला वडिलांचा चेहरा दिसला.

त्यांच्यात एक आजी होत्या. नव्वदीला टेकलेल्या, त्याच खालच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा आणि लग्न झालेल्या, नवऱ्याला तिथूनच निरोप दिलेल्या. घंटा वाजू लागल्यावर दोन-तीन रविवारांनी त्या मिस्सेनंतर आमच्याकडे आल्या. पिट्सबर्गच्या जुन्या बोलीत अनेकवचनी 'तुम्ही'साठी 'यिन्झ' असा एक खास शब्द आहे. बाहेरचे लोक त्याला हसतात. आजी म्हणाल्या, "यिन्झ ती फार घाईने वाजवता. आमच्याकडे ती सावकाश वाजायची. दोन ठोक्यांमध्ये एक श्वास घेता यायचा."

प्रमाण इंग्रजीला जे जमत नाही ते त्या बोलीने केले होते. तुम्ही लोक आणि आमच्याकडे: रेघ स्पष्ट होती. धर्मग्राम एक होऊन तीन वर्षे झाली होती आणि आजींनी एका वाक्यात आम्हाला सांगितले की तो अजून झालेला नाही.

घंटेला विजेवर चालणारा ठोका बसवलेला होता. मधले अंतर बदलणे हे दहा मिनिटांचे काम निघाले. तंत्रज्ञाने अंतर वाढवले आणि आजी आवारात उभ्या राहून मान हलवत होत्या: अजून, अजून थोडे, हं. पुढच्या रविवारी आमच्या बाजूचे काही जण कुरकुरले की घंटा फार रेंगाळते. ती कुरकुर ऐकून आम्हाला, का कोण जाणे, बरे वाटले. पहिल्यांदाच वरच्यांचेही काहीतरी बदलले होते.

आमच्या घरातला अनुभव याहून वेगळा नाही. आम्ही दोघेही वसईचे ख्रिस्ती. पण एकाच्या घरी सामवेदी बोली, दुसरीच्या घरी वाडवळी. आज हे सांगितले तर कुणाला काही वाटणार नाही. आमच्या लग्नाच्या वेळी दोन्हीकडे बरीच कुजबुज झाली होती. सासू सुनेला आपली बोली शिकवत राहिली तोवर सून पाहुणीच होती. ज्या दिवशी सासूच्या तोंडी नकळत सुनेच्या माहेरचा एक शब्द आला, त्या दिवशी घर एक झाले असे आम्ही धरतो. एकाच बाजूने शिकायचे, एकाच बाजूने सोडायचे, याला विलीनीकरण म्हणतात खरे, पण ते एकत्र येणे नव्हे. आमच्या समितीने सगळे निर्णय न्यायाने घेतले, आणि प्रत्येक निर्णयात सोडायची पाळी त्यांच्यावर आली. एकेक निर्णय पाहिला तर चूक सापडत नाही. सगळे एकत्र पाहिले की सापडते.

त्यानंतर काही गोष्टी झाल्या, फार मोठ्या नव्हेत. अकराची मिस्सा दहावर आली. दोन्हीकडच्यांना सारखीच गैरसोयीची वेळ. नाताळच्या आदल्या संध्याकाळी स्लोव्हाक घरांत पातळ पापडीसारखी ओप्लाटकी मधाबरोबर वाटून खातात, ती सभागृहात सगळ्यांसाठी होऊ लागली. आजींनी आमच्या कपाळांवर बोटाने मधाचा क्रूस काढला. आणि डावीकडच्या चौथ्या बाकावर एके रविवारी आधीच कुणी येऊन बसलेले पाहून आम्ही मागे गेलो. तेहतीस वर्षांनी प्रथमच चर्च मागून पाहिले.

नोव्हेंबर हा कॅथलिकांचा मृतांच्या स्मरणाचा महिना. आमच्याकडे वेदीजवळ एक वही ठेवतात. प्रत्येकाने आपापल्या मृतांची नावे लिहायची आणि महिन्याच्या एका रविवारी ती मोठ्याने वाचायची. २०२३ साली ते वाचन आमच्याकडे आले. आमची नावे सोपी आहेत, पोर्तुगीज वळणाची. खालच्यांची नावे व्यंजनांनी गच्च भरलेली. पहिल्याच पानावर आम्ही अडखळलो. आजी तिसऱ्या बाकावरून उठून उभ्या राहिल्या आणि आम्ही चुकलेले नाव त्यांनी नीट उच्चारले. आम्ही पुन्हा म्हटले. मग पुढचे. जवळजवळ प्रत्येक नावाला हे घडत गेले, आणि चर्चमध्ये कुणी घाई केली नाही. शेवटी आमच्या आईवडिलांची नावे आली. आजींना वाटले तीही आम्हाला जमणार नाहीत, म्हणून त्यांनी आधीच ती उच्चारली, साफ चुकीची. आम्ही सुधारली. त्यांनी पुन्हा म्हटली. वडिलांच्या नावानंतर, दोन ठोक्यांमध्ये असावा तसा एक श्वास गेला.

२०२५ च्या नोव्हेंबरात त्या वहीत आजींचे नाव होते. त्या उन्हाळ्यात गेल्या. घंटा त्यांच्यासाठी सावकाश वाजली. वाचन पुन्हा आमच्याकडे होते. त्यांचे आडनाव आम्ही आदल्या रात्री घरी दहा-बारा वेळा म्हणून पाहिले. मिस्सेत ते उच्चारल्यावर सवयीने तिसऱ्या बाकाकडे पाहिले. तिथे वरच्यांपैकी एक तरुण कुटुंब बसले होते. त्यांना ते नाव बरोबर की चूक हे कळण्याचे कारण नव्हते. मागे कुठेतरी त्यांचा पुतण्या असणार. त्याने काही म्हटले नाही. आम्ही पुढचे नाव घेतले.